गॉगल: पाहायचं, पण दिसायचं नाही

मे महिन्यातली दुपार. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला मी थांबले होते. शेजारी एक मोपेड येऊन उभी राहिली. चालवणारीच्या डोक्याला, गालांना, गळ्याला पांढरा सुती स्कार्फ घट्ट गुंडाळलेला, हातांत कोपरापर्यंत मोजे आणि डोळ्यांच्या जागी दोन मोठी काळी भिंगं. तिने मान माझ्याकडे वळवली. ती माझ्याकडे बघते आहे की माझ्यापलीकडच्या बसकडे, काही कळेना. मी अवघडून समोर बघायला लागले. तेवढ्यात तिने गॉगल कपाळावर सरकवला. चेहरा अजून झाकलेलाच होता, उघडी होती ती बोटभर रुंदीची पट्टी. पण तेवढ्यावर, ती बोलायच्या आधीच, ओळख पटली. सख्खी मावशी! “काहून वं, ओळखलं नाही का मले?”

नागपुरात उन्हाळ्यात हे रोजचंच आहे. पण त्या दिवशी मला आठवला तो १९३३ सालचा ‘द इन्व्हिजिबल मॅन’. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ च्या कादंबरीवरून जेम्स व्हेल यांनी काढलेला. क्लॉड रेन्सने रंगवलेला अदृश्य माणूस त्यात येतो तो आमच्या नवतप्यातल्या (उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांतल्या) वेशातच: डोक्यापासून मानेपर्यंत पांढरी बँडेजं आणि डोळ्यांवर काळा चष्मा. विज्ञानपटातल्या गॉगलचा विचार मी इथूनच सुरू करते, कारण या पात्राला गॉगल ऐटीसाठी लागत नाही. बँडेजमध्ये डोळ्यांसाठी भोकं ठेवावी लागतात, आणि त्या भोकांमागे काहीच नाही. गॉगल झाकतो ती रिकामी जागा.

यात विज्ञानाची एक मोठी अडचण आहे. एखादी वस्तू अदृश्य व्हायची तर प्रकाश तिच्यातून कुठेही न वळता, न अडता आरपार जायला हवा. म्हणजे तिचा अपवर्तनांक (ती प्रकाश किती वळवते ते सांगणारा आकडा) हवेइतकाच हवा. मग डोळ्यातलं भिंग प्रकाश वळवणार कसं? आणि दृष्टिपटलाचं तर कामच मुळी प्रकाश शोषून घेण्याचं. पारदर्शक दृष्टिपटल प्रकाश शोषणार नाही, आणि जे शोषत नाही त्याला काही दिसतही नाही. खराखुरा अदृश्य माणूस पूर्ण आंधळा असेल. पाहायचं तर थोडं तरी दिसावं लागतं, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे.

गॉगल हा नियम मोडत नाही, पण त्याच्या अगदी कडेपर्यंत जातो. कसा ते बघू.

गॉगलच्या काळेपणाचे ० ते ४ असे वर्ग ठरलेले आहेत. भर उन्हासाठीचा तिसरा वर्ग ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडतो. आपण १५ टक्के धरू. रस्त्यावरून आलेला प्रकाश भिंगातून एकदा गाळून घालणाऱ्याच्या डोळ्यात पोचतो, त्यामुळे त्याला १५ टक्के मिळतात. आमच्याकडे मेच्या दुपारी उघड्यावर लाखभर लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो. त्याचे १५ टक्केसुद्धा ट्यूबलाइटच्या खोलीतल्या उजेडाच्या कितीतरी पट झाले, म्हणून घालणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसतं. आता समोर उभ्या असलेल्या माणसाचा हिशेब मांडू. त्याला गॉगलमागचे डोळे दिसायचे तर प्रकाशाने आधी भिंगातून आत जायचं, डोळ्यांवर पडायचं आणि पुन्हा त्याच भिंगातून बाहेर यायचं. म्हणजे दोनदा गाळणी. १५ टक्क्यांचे १५ टक्के, सव्वादोन. त्यातलाही निम्म्याहून जास्त भाग त्वचा गिळते. उरतो जेमतेम एक टक्का. आणि भिंगाच्या पुढच्या चकचकीत बाजूवरून आभाळाचा, समोरच्या इमारतींचा, बघणाऱ्याच्या स्वतःच्या चेहऱ्याचा चारेक टक्के प्रकाश परत फिरतो. डोळ्यांकडून आलेला एक टक्का या चार टक्क्यांखाली बुडून जातो. बघणाऱ्याला डोळ्यांऐवजी आपणच दिसतो.

मला हा हिशेब फार आवडतो. काच दोन्ही बाजूंनी अगदी सारखीच आहे, तरी नजर एकेरी होते, ती फक्त या ‘एकदा’ आणि ‘दोनदा’च्या फरकामुळे. आरसा-गॉगलमध्ये भिंगावर धातूचा अतिपातळ थर देऊन हाच फरक आणखी वाढवतात. कडेच्या फटींतून मात्र थोडा प्रकाश आत शिरतो, म्हणून सपाट गॉगलमागचे डोळे बाजूने अंधूक दिसतात. कानांकडे वळत गेलेला गॉगल ती फटही बुजवतो.

‘द टर्मिनेटर’मध्ये (१९८४) अरनॉल्ड श्वार्झनेगरला दिलेला ‘गार्गॉइल्स’ कंपनीचा गॉगल असाच वळलेला होता. तो डोळ्यांवर चढतो तो प्रसंग आठवा. खोलीत आरशासमोर तो यंत्रमानव आपला जखमी डोळा स्वतःच कापून काढतो, आत लाल दिवा असलेला कॅमेरा दिसतो, आणि मग तो गॉगल लावून रात्रीच्या अंधारात बाहेर पडतो. रात्री! माणसाने रात्री तिसऱ्या वर्गाचा गॉगल लावला तर पायरी चुकेल. गाडी चालवायला बसला तर कुणाचा तरी जीव जाईल. टर्मिनेटर अडखळत नाही, आणि तेवढ्यावरूनच प्रेक्षकाला कळतं की याचं पाहणं आपल्यासारखं नाही. १५ टक्के त्याला पुरतात, कदाचित प्रकाशच लागत नाही. माझ्या मते विज्ञानपटातल्या गॉगलचा अर्थ ठरतो तो यावरून, की पात्र तो उन्हात घालतं की अंधारात. आमच्या वर्धा रोडवर दुपारी गॉगल लावणारा माणूस डोळे वाचवत असतो. अंधाऱ्या खोलीत लावणारा काहीतरी लपवत असतो.

‘द मेट्रिक्स’ (१९९९) या बाबतीत फार विचारपूर्वक केलेला आहे. वेशभूषा किम बॅरेट यांची. त्यातली माणसं संगणकाने रचलेल्या आभासी जगात शिरली की काळ्या गॉगलमध्ये असतात, अंधाऱ्या खोल्यांतही. खऱ्या जगातल्या जहाजावर मात्र कुणाच्या डोळ्यांवर गॉगल नाही. आभासी जगात कुणी डोळ्यांनी बघतच नसतं, चित्र थेट मेंदूत पोचतं. मग भिंग कितीही काळं असलं म्हणून काय बिघडतं? बंडखोर माणसांचा नेता मॉर्फियस, त्याच्या चष्म्याला काड्याच नाहीत, तो नुसता नाकावर बसतो. खऱ्या वजनाच्या जगात तसल्या चष्म्याने मारामारी कुणी करू शकणार नाही. आणि याच चित्रपटात यंत्रांच्या बाजूचा एजंट स्मिथ एका प्रसंगी गॉगल उतरवतो: बांधून ठेवलेल्या मॉर्फियसशी बोलताना, जेव्हा तो या जगाची आपल्याला किती किळस आहे हे सांगतो. यंत्राच्या मनातलं पहिल्यांदा बाहेर येतं ते डोळे उघडे करून. मला तो प्रसंग हाणामाऱ्यांपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो.

डोळ्यांचं एवढं काय आहे? १९९७ मध्ये कोबायाशी आणि कोहशिमा या जपानी संशोधकांनी बऱ्याच वानरजातींचे डोळे मोजून दाखवलं की माणसाच्या डोळ्यातला पांढरा भाग फार ठसठशीत आणि उघडा असतो, बहुतेक वानरांचा गडद. पांढऱ्यावर काळी बाहुली असली की नजर कुठे वळली ते लांबून कळतं. पुढे काही एप्समध्येही (चिंपांझीसारख्या बिनशेपटीच्या वानरांमध्येही) फिकट डोळे सापडले, त्यामुळे हे वैशिष्ट्य केवळ माणसाचंच, असं आता ठामपणे म्हणत नाहीत. पण माणूस नजरेवर किती विसंबतो याबद्दल शंका नाही. २००२ मध्ये दोन ते पाच दिवसांच्या बाळांना दोन चेहरे दाखवले, एक सरळ बघणारा आणि एक नजर वळवलेला. बाळं सरळ बघणाऱ्याकडे जास्त वेळ बघत राहिली.

माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर ते त्या मोठ्या काळ्या चष्म्यात बसायचे. वर्षाची नात, जी एरवी त्यांच्या मांडीवरून उतरायची नाही, ती दारातूनच मागे फिरायची. आवाज तोच, वास तोच, सदरा तोच. वडील चष्मा थोडा वर करून “ये ना बाई” म्हणायचे, तेव्हा कुठे ती यायची.

गॉगलचा उलटा उपयोगही विज्ञानपटांनी केला आहे. जॉन कारपेंटरच्या ‘दे लिव्ह’मध्ये (१९८८) एका बेकार मजुराच्या हाती असा काळा चष्मा लागतो, जो घातला की जाहिरातींच्या फलकांमागचे खरे हुकूम दिसतात: आज्ञा पाळा, खरेदी करा. इथे गॉगल लपवत नाही, उघडं करतो.

आणि हे खरंच होतं. बर्डीच्या फूटपाथवर गॉगलवाल्याकडे जा आणि ‘पोलराइज्ड’ गॉगल मागा. तो खिशातून एक छोटं कार्ड काढतो. नुसत्या डोळ्यांनी त्यावर एक साधं चित्र. गॉगल लावून बघितलं की त्याच जागी मासा किंवा गाडी उमटते. प्रकाशाच्या लहरी वेगवेगळ्या दिशांनी हलतात, आपल्या डोळ्याला त्या दिशेचा फरक कळत नाही. कार्डावरच्या छुप्या चित्रातला प्रकाश एका दिशेने हलणारा आणि भोवतीचा दुसऱ्या दिशेने, पण उजळपणा दोन्हींचा सारखा. पोलराइज्ड भिंग फक्त एका दिशेच्या लहरी सोडतं, दुसऱ्या अडवतं. चित्र तिथे आधीपासूनच होतं. ही स्वस्त पोलराइज्ड फिल्म एडविन लँड नावाच्या तरुणाने १९२९ च्या सुमारास तयार केली, आणि पाण्यावरून, डांबरावरून येणारी चमक मारायला ती गॉगलमध्ये आली. घरातल्या एलसीडी मॉनिटरवरची पुढची पोलराइज्ड फिल्म सोलून काढली, तर पडदा सगळ्यांना कोरा पांढरा दिसतो आणि तसा चष्मा घातलेल्या एकालाच त्यावरचा मजकूर वाचता येतो. हौशी लोकांनी हे करून पाहिलेलं आहे.

गॉगलवाल्याचं ते कार्ड एक गोष्ट मात्र सांगत नाही: अतिनील किरण अडतात की नाही. काळेपणा, पोलराइज्ड असणं आणि अतिनील संरक्षण, या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या काळ्या भिंगामागे बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण अडत नसतील तर ते जास्तच आत जातात. पॉलिकार्बोनेटचं भिंग ते मुळातच अडवतं, त्यामुळे स्वस्त म्हणजे घातक असंही सरसकट नाही. ‘यूव्ही ४००’ (म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारं) लिहिलेलं असलं तरी एखाद्या चष्म्याच्या दुकानात यंत्रावर तपासून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

‘मेन इन ब्लॅक’मध्ये (१९९७) स्मृती पुसणाऱ्या लखलखाटापासून वाचायला नायक गॉगल लावतात, म्हणजे ज्याच्या डोळ्यांवर गॉगल, त्याच्याच लक्षात राहणार. कल्पना छान आहे, पण त्यात प्रकाशाचं शास्त्र फारसं नाही.

मला जास्त खिळवून ठेवते ती एक वेगळी गोष्ट. गॉगलमधला रंग ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आपल्याला दिसणारा प्रकाश गिळतो. त्यापलीकडच्या जवळच्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांना बहुतेक प्लॅस्टिक भिंगं जवळजवळ पारदर्शक असतात. घरी करून बघा: टीव्हीच्या रिमोटच्या तोंडावर काळा गॉगल धरा आणि बटण दाबा. टीव्ही बहुधा चालू होईल. नव्या गाड्यांत चालकाला डुलकी लागते का हे बघणारे कॅमेरे अशाच ९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या उजेडात बघतात, आणि बऱ्याचशा गॉगलमागचे डोळे त्यांना उघड दिसतात: पापणी किती मिटली, बाहुली कुठे वळली. चार दशकांपूर्वी पडद्यावरच्या यंत्राने आपला डोळा माणसांपासून लपवायला गॉगल चढवला होता. त्या दुपारी चौकात मला मावशीचे डोळे दिसले नव्हते. तिच्या मोपेडसमोर असा एखादा कॅमेरा असता, तर त्याला ते दिसले असते.