विंटर एलमध्ये कोणती दालचिनी: कॅसिया की सिलोनी?

विंटर एल म्हणजे हिवाळ्यातली मसालेदार बिअर. ती घरी करायच्या रेसिपीत ‘दालचिनीची एक काडी’ एवढंच लिहिलेलं असतं. पण या नावाखाली दोन वेगळ्या झाडांच्या साली विकल्या जातात. एकीचं प्रमाण दुसरीला लावलं, तर 19 लिटरची अख्खी बॅच जिभेला झोंबते, नाहीतर मसाला घातलाय हेही कळत नाही. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. त्यामुळे हे अमेरिका-ब्रिटनसारख्या, घरगुती बिअरला मोकळीक असलेल्या देशांतल्या वाचकांसाठी.)

काडी मोडून बघा. सिलोनी काडीत कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले असतात. चिरोट्यासारखी ती बोटांतच चुरते. रंग फिकट, मातकट. कॅसिया म्हणजे एकच जाड साल, दोन्ही कडांनी आत वळलेली, लालसर आणि टणक. ती फोडायला खलबत्ताच लागतो. अमेरिकेतल्या सुपरमार्केटात मिळते ती बहुतेक इंडोनेशियाची कॅसिया. इंडियन ग्रोसरीतले सालीचे चपटे तुकडेही सहसा कॅसियाचेच. सिलोनी हवी असेल तर मेक्सिकन दुकानात ‘कनेला’ मागा. ‘दालचिनी’ हा शब्द फारसीतल्या ‘दारचिनी’वरून, म्हणजे ‘चिनी लाकूड’ यावरून आलाय. त्या अर्थाने कॅसियाला तो जास्त शोभतो.

कॅसियाचा स्वाद सरळ, तिखट-गोड आणि दणकट असतो. भाजक्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या), 1.065च्या आसपास सुरुवातीची ग्रॅव्हिटी (आंबण्याआधीची, पाण्याच्या तुलनेतली घनता) असलेल्या काळसर एलमध्ये तो टिकून राहतो. पहिल्या बॅचसाठी हीच घ्या. सिलोनी नाजूक, फुलांच्या अंगाची. काळ्या माल्टखाली ती दबून जाते आणि फिकट, गव्हाच्या बिअरमध्ये खुलते. मात्र तिच्यात युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेला जो वास असतो तोच. रेसिपीत पाच लवंगा असतील तर सिलोनीबरोबर दोनच टाका. गव्हाच्या बिअरचं यीस्ट वापरत असाल तर तेही लवंगेसारखा वास तयार करतं, तेव्हा लवंग अजिबात नको. नाहीतर बिअरला दंतमंजनाचा वास येतो आणि तो काढता येत नाही.

19 लिटरला कॅसिया 4-5 ग्रॅम, साधारण एक काडी. सिलोनी 8-10 ग्रॅम. माल्टच्या पाण्याच्या तासभराच्या उकळीत शेवटची पाच मिनिटं उरली की जाळीच्या पिशवीत बांधून टाका. सुरुवातीलाच टाकली तर सुगंध वाफेबरोबर उडतो आणि सालीचा तुरटपणा तेवढा मागे राहतो.

पूड कोणतीच वापरू नका. कॅसियाची पूड पाण्यात बुळबुळीत होते. फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या तळाशी तिचा थर बसतो, सायफनची नळी तुंबते, आणि काडीसारखी ती बाहेरही काढता येत नाही.

कॅसियातल्या कूमरिनची (जास्त प्रमाणात यकृताला अपायकारक ठरू शकणाऱ्या घटकाची) धास्ती अनेकांना असते. किलोला 3 ग्रॅम कूमरिन धरलं तर 5 ग्रॅमच्या काडीत 15 मिलिग्रॅम होतं. ते सगळं उतरलं तरी 50 बाटल्यांत विभागून बाटलीला 0.3 मिलिग्रॅम. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या मर्यादेनुसार 60 किलोच्या माणसाला रोज 6 मिलिग्रॅम चालतं. बिअरपुरता हा प्रश्न सोडून द्या.

आंबताना सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडबरोबरही थोडा सुगंध जातो. म्हणून उकळीत मसाला बेताचाच ठेवा आणि उरलेली कसर अर्काने भरून काढा. 10 ग्रॅम फोडलेली साल 60 मिलि व्होडकात, झाकणाच्या बरणीत आठवडाभर ठेवा, रोज हलवा, मग कॉफी फिल्टरमधून गाळा. बाटल्या भरायच्या दिवशी चार ग्लासांत 100-100 मिलि बिअर घ्या आणि 1 मिलिच्या सिरिंजने अनुक्रमे 0.05, 0.1, 0.15 आणि 0.2 मिलि अर्क घाला. चव मागच्या ग्लासाच्या तुलनेत घ्या, कमीपासून जास्तीकडे. उलट गेलात तर जीभ बधिर होते. 0.15 आवडलं तर 19 लिटरला 28.5 मिलि लागेल, पण बॉटलिंग बकेटमध्ये (बाटल्या भरण्याआधी बिअर ज्यात काढतात त्या बादलीत) 21-22च घाला. बाटलीत गॅस भरल्यावर तोच वास नाकाला जास्त जाणवतो.