शपथ मोडणारा प्रत्येक पॅलाडिन ओथब्रेकर नसतो

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळातला पॅलाडिन म्हणजे पवित्र शपथेतून शक्ती मिळवणारा योद्धा. ती शपथ काय असते, हे इथे सविस्तर समजावत बसत नाही. घोळ होतो तो ती मोडल्यावर. डिव्होशनची शपथ (तिच्यात खोटं बोलायचं नसतं) घेतलेला पॅलाडिन एका मुलाला लपवण्यासाठी पहारेकऱ्याशी खोटं बोलतो, आणि टेबलावर कुणीतरी जाहीर करतं, ‘झाला हा ओथब्रेकर!’, म्हणजे शपथ मोडून दुष्टांत गेलेला पॅलाडिन. हे इतक्यांदा ऐकलंय, की आता मी खेळ थांबवून पुस्तक उघडायला लावतो.

२०१४ च्या प्लेयर्स हँडबुकात पॅलाडिनही चुकतो हे सरळ मान्य केलंय. कधी वाट झेपत नाही, कधी दोन वाइटांतलं कमी वाईट निवडावं लागतं, कधी भावनेच्या भरात तोल जातो. मग त्याने आपल्याच श्रद्धेच्या क्लेरिककडे (पुजाऱ्याकडे) किंवा आपल्याच पंथातल्या पॅलाडिनकडे कबुली द्यायची, रात्रभर प्रार्थनेत जागायचं किंवा उपास करायचा, आणि क्षमा मिळाली की पुन्हा कामाला लागायचं. यात शक्ती काढून घ्या असं कुठेही म्हटलेलं नाही. जाणूनबुजून शपथ मोडली आणि पश्चात्तापाचा लवलेशही नसला, तरच मोठ्या शिक्षेचा विषय निघतो. तीही डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरच्या, मर्जीवर: क्लास (पात्राचा पेशा) बदलायला लावणं, नाहीतर ओथब्रेकर.

ओथब्रेकर हा सबक्लास, म्हणजे पॅलाडिनचा उपप्रकार, २०१४ च्याच डन्जन मास्टर्स गाइडमध्ये खलनायकांसाठीच्या पर्यायांत दिलाय. काळ्या महत्त्वाकांक्षेपायी किंवा दुष्ट शक्तीच्या चाकरीसाठी शपथ मोडतो, तो ओथब्रेकर. अलाइनमेंट, म्हणजे पात्राची नैतिक बाजू, इव्हिल (दुष्ट) हवी, लेव्हल किमान ३. मुलाला वाचवणारा यात कुठे बसतो? शिवाय याला शिक्षा तरी कसं म्हणायचं? अनडेडला, म्हणजे मरूनही हिंडणाऱ्या जीवांना, ताब्यात ठेवता येतं, सातव्या लेव्हलपासून जवळून केलेल्या वाराच्या डॅमेजमध्ये पात्राच्या करिश्मा या गुणाची भर पडते. चांगल्या हेतूने चुकलेल्या पात्रावर हा सबक्लास लादणं मला अजिबात मान्य नाही. त्याने अंधार निवडलेलाच नसतो, आणि त्या खेळाडूची आख्खी गोष्ट डीएम एका फटक्यात पुसून टाकतो.

गैरसमजाची मुळं दोन. १९७८ च्या जुन्या नियमांत जाणूनबुजून एक दुष्ट कृत्य केलं, की पॅलाडिनपद तत्क्षणी आणि कायमचं जायचं. ती धाक घालणारी पद्धत अजून लोकांच्या डोक्यात आहे. दुसरं, याच खेळावर बेतलेला २०२३ चा व्हिडिओ गेम बाल्डर्स गेट ३. त्यात शपथ मोडली हे गेम आपोआप ठरवतो, शपथेच्या शक्ती काढून घेतो आणि ओथब्रेकर व्हायचा पर्याय पुढे करतो, अलाइनमेंट बघतच नाही. व्हिडिओ गेम खेळाडूला ‘का केलंस?’ असं विचारू शकत नाही. डीएम विचारू शकतो, आणि त्याने निकाल देण्याआधी विचारायलाच हवं.

खरा ओथब्रेकरही परत येऊ शकतो, पण रात्रभर जागून नाही. इव्हिल अलाइनमेंट सोडल्याचं बोलण्यातून आणि वागण्यातून दाखवावं लागतं, ओथब्रेकरच्या सगळ्या शक्ती जातात, आणि एखादी जीवघेणी मोहीम पार पाडेपर्यंत नव्या शपथेच्या शक्ती मिळत नाहीत. त्यानंतर पुन्हा ओथब्रेकर झाला, तर प्रायश्चित्ताची सोय उरत नाही.