ट्रेड व्हॅल्यू (आइस हॉकी)

ट्रेड व्हॅल्यू : व्यावसायिक आइस हॉकीत एखादा खेळाडू दुसऱ्या संघाला दिल्यास त्याच्या बदल्यात काय पदरात पडेल, याचा अंदाज. बदल्यात तयार खेळाडू, अजून मुख्य संघात न आलेले तरुण खेळाडू (प्रॉस्पेक्ट) किंवा येत्या ड्राफ्टमधील (नव्या तरुण खेळाडूंची संघांनी आळीपाळीने करायची निवड) निवडीचे हक्क (पिक) मिळू शकतात. संज्ञा मुख्यतः उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगची (एनएचएल, स्थापना माँट्रियल, १९१७, सध्या ३२ संघ). मराठीत नुसते ‘हॉकी’ म्हटले की मैदानी हॉकी समजली जाते. हॉकी इंडिया लीगमध्ये खेळाडूचे मोल मुख्यतः लिलावात ठरते, म्हणून हा विषय तिथे फारसा उद्भवत नाही. आयपीएलची ट्रेड विंडो त्यातल्या त्यात जवळची, पण तिथे खेळाडू निव्वळ रोखीवरही जातो. एनएचएलमध्ये २००५ च्या (लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील) सामूहिक करारापासून ट्रेडमध्ये रोख रक्कम देण्यास मनाई आहे.

खेळाडू किती चांगला आहे आणि त्याच्या बदल्यात किती मिळेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चाहत्यांचे बहुतेक वाद हे दोन्ही एक मानल्यामुळे पेटतात. ट्रेड व्हॅल्यू म्हणजे, ढोबळमानाने, खेळाडूकडून उरलेल्या करारकाळात अपेक्षित कामगिरीतून, संघाच्या एकूण वेतनमर्यादेत त्याच्या पगाराने अडवलेली जागा वजा करून जे उरते ते. म्हणूनच वर्षाला १ कोटी डॉलर घेणारा आणि करारात सहा वर्षे शिल्लक असलेला ३१ वर्षांचा उत्तम विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) कधी कधी फुकटही कोणी घेत नाही. उलट पहिल्या तीन वर्षांच्या स्वस्त करारावरचा मधल्या फळीतला खेळाडू मागूनही मिळत नाही.

वेतनमर्यादा आणि करार : २००४-०५ चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीत गेल्यानंतर २००५-०६ पासून संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा (सॅलरी कॅप) आली. तेव्हा ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ८ कोटी ८० लाख, तर २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाख झाली. खेळाडूचा ‘कॅप हिट’ म्हणजे कराराच्या एकूण रकमेची वार्षिक सरासरी; त्या वर्षी हातात पडणारा पगार वेगळा असू शकतो. मर्यादा वाढली की जुना करार आपोआप स्वस्त ठरतो, कारण ८ कोटींमधले ८० लाख म्हणजे दहा टक्के, तर साडेनऊ कोटींमधले साधारण साडेआठ. वेगवेगळ्या वर्षांच्या करारांची तुलना डॉलरमध्ये न करता टक्क्यांत करावी, ती यासाठी.

कॅप दिवसागणिक मोजली जाते. हंगाम साधारण १९० दिवसांचा आणि मार्चच्या सुरुवातीच्या मुदतीनंतर (ट्रेड डेडलाइन) उरतात सुमारे ४० दिवस. सुरुवातीपासून १० लाख डॉलरची जागा मोकळी ठेवणारा संघ डेडलाइनला जवळपास ४७ लाखांचा वार्षिक कॅप हिट असलेला खेळाडू घेऊ शकतो. ‘एवढा पगार बसणारच नाही’ असे ठामपणे म्हणणाऱ्यांचा हिशोब इथेच चुकतो.

देणारा संघ खेळाडूच्या पगाराचा ५० टक्क्यांपर्यंत भाग स्वतःकडे ठेवू शकतो (२०१३ च्या सामूहिक करारापासून). एका संघाला एका वेळी असे तीनच करार ठेवता येतात, त्यांची बेरीज कॅपच्या १५ टक्क्यांवर जाता कामा नये आणि एकाच करारावर जास्तीत जास्त दोन संघांना अशी कपात करता येते. ८० लाखांचा खेळाडू पहिल्या संघाने निम्मा ठेवला की ४० लाखांना पडतो, मधल्या तिसऱ्या संघाने पुन्हा निम्मा ठेवला की २० लाखांना. मधला संघ या मदतीबद्दल सहसा एखादा पिक घेतो. २०२५-२६ पासून या दोन कपातींमध्ये नियमित हंगामाच्या ७५ दिवसांचे अंतर आवश्यक केल्याने डेडलाइनच्या दिवशीची दुहेरी कपात व्यवहारात थांबली.

मूल्यावर सर्वांत कठोर परिणाम बदलीनकाराच्या कलमांचा होतो. ‘नो-मूव्हमेंट’ कलम असलेला खेळाडू परवानगीशिवाय हलवता येत नाही; मर्यादित ‘नो-ट्रेड’ कलमात तो ठरावीक संघांची यादी देतो. बाकीच्या एकतीसपैकी तीनच संघ मान्य असतील, तर कागदावरचे मूल्य काहीही असो, बोली लावणारे तीनच. करार संपून मुक्त होऊ घातलेल्या खेळाडूला (रेंटल) घेणारा संघ काही आठवड्यांचेच दाम मोजतो.

विंगर मिक्को रांटानेनचे २०२५ मधले दोन व्यवहार हे सगळे एकत्र दाखवतात. २४ जानेवारीला कोलोरॅडोने त्याला कॅरोलायनाला दिले. वाटेत शिकागोने त्याच्या ९२.५ लाखांच्या कॅप हिटपैकी निम्मा भार उचलला. कोलोरॅडोला मार्टिन नेचास, जॅक ड्रूरी आणि दोन पिक मिळाले. रांटानेनने कॅरोलायनाशी नवा करार केला नाही. त्यामुळे ७ मार्चला, डेडलाइनच्या दिवशी, तो डॅलसला गेला : बदल्यात लोगन स्टॅन्कोवेन, पहिल्या फेरीचे दोन पिक आणि तिसऱ्या फेरीचे दोन. डॅलसने त्याच वेळी त्याच्याशी ८ वर्षांचा ९ कोटी ६० लाखांचा करार केला. सहा आठवड्यांत खेळाडू तोच होता. बदलली ती कराराची खात्री. ३ मे रोजी कोलोरॅडोविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतील सातव्या सामन्यात तिसऱ्या सत्रात डॅलस ०-२ ने मागे असताना रांटानेनने तीन गोल केले आणि डॅलस ४-२ ने जिंकले. त्या रात्रीनंतर पहिल्या व्यवहाराचा निकाल लागला असे बहुतेकांनी धरले. एका सत्रावरून व्यवहार तोलणे मात्र ग्राह्य धरता येत नाही.

प्लस-मायनस आणि त्याचा उगम : कामगिरीच्या वादात सर्वांत जुना आकडा हाच. संघाने गोल केला तेव्हा बर्फावर असलेल्या प्रत्येक खेळाडूला +१, गोल खाल्ला तर −१. पॉवरप्लेवरचा (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा) गोल धरत नाहीत. खेळाडू कमी असताना केलेला गोल आणि रिकाम्या जाळ्यातला गोल मात्र धरतात. गोलरक्षकाला हा आकडा लागू नाही. श्रेय अनेकदा न्यूयॉर्क रेंजर्सचे व्यवस्थापक एमिल फ्रान्सिस यांना दिले जाते. परंतु माँट्रियल कॅनेडियन्स संघ १९५० च्या दशकात कधीतरी अशी नोंद ठेवू लागला होता आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी इतरांनी ती उचलली, असे दिसते. फ्रान्सिस यांनी पद्धत रुळवली आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. लीगने अधिकृत नोंद १९६७-६८ पासून ठेवली. एका हंगामातला उच्चांक बॉबी ऑरचा +१२४ (१९७०-७१), तर नीचांक बिल मिकेल्सनचा −८२ (१९७४-७५). मिकेल्सन त्या वर्षी वॉशिंग्टनच्या पहिल्यावहिल्या संघात होता, ज्याने ८० पैकी ८ सामने जिंकले. हा −८२ त्या संघाचा आहे, एकट्या माणसाचा नव्हे.

आकडा कसा फसवतो, ते एका शिफ्टमध्ये (बर्फावरच्या एका छोट्या पाळीत) दिसते. थकलेला डिफेन्समन (बचावपटू) पक (खेळाची रबरी चकती) आपल्या भागातून न काढताच बाकाकडे वळतो. त्याच्या जागी दुसरा कठड्यावरून उडी मारून बर्फावर येतो. त्याची पाती दोनदा बर्फाला टेकतात तोवर पक जाळ्यात गेलेला असतो. −१ नव्या माणसाच्या नावावर लागतो आणि चूक करणारा बाकावर पाणी पीत असतो. हंगामभराच्या सामन्यांत असे योगायोग एकमेकांना पुरते छेदत नाहीत, कारण गोल मुळातच थोडे होतात.

कोर्सी आणि त्याचे नाव : गोल थोडे, म्हणून गोलाच्या प्रयत्नांची मोजणी करावी, या विचारातून कोर्सी आला. जाळ्यावर गेलेले, हुकलेले आणि अडवले गेलेले असे सर्व फटके, आपले वजा प्रतिस्पर्ध्याचे. हल्ली टक्क्यांत देतात. ५० च्या वर म्हणजे खेळाडू बर्फावर असताना संघ जास्त हल्ला करतो. अडवलेले फटके वगळले की फेनविक (ब्लॉगलेखक मॅट फेनविक यांच्यावरून).

जिम कोर्सी हे तेव्हा बफलो सेबर्सचे गोलरक्षक-प्रशिक्षक होते. बराच काळ तेच या आकड्याचे जनक मानले जात. शिकागोचे वित्त-विश्लेषक टिम बार्न्स, जे तेव्हा व्हिक फेरारी या टोपणनावाने लिहीत, त्यांच्या सांगण्यानुसार बफलोचे व्यवस्थापक डार्सी रेगियर यांना रेडिओवर फटक्यांच्या फरकाविषयी बोलताना ऐकून त्यांना कल्पना सुचली. नावासाठी बफलोच्या चमूतील छायाचित्रे पाहताना कोर्सींची मिशी आवडली, म्हणून त्यांचे नाव दिले. कोर्सी स्वतः गोलरक्षकावर किती ताण पडतो हे मोजण्यासाठी अशीच मोजणी करीत, हेही खरे. तेव्हा मोजणी कोर्सींची आणि ती स्केटर्सना (गोलरक्षक सोडून इतर खेळाडूंना) लावून ताबा मोजण्याची युक्ती बार्न्स यांची, असे मानणे रास्त. बार्न्स यांना २०१४ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सने कामावर घेतले. २०१५ मध्ये लीगने हेच आकडे ‘शॉट अटेम्प्ट्स’ या नावाने स्वतः प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली.

कोर्सी वापरताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात. आघाडीवर असलेला संघ मागे सरकून खेळतो, म्हणून सतत पिछाडीवर राहणाऱ्या संघातल्या खेळाडूचे टक्के फुगतात. सामन्यातील आघाडी-पिछाडीनुसार दुरुस्त केलेला आकडा घ्यावा. दुसरे, खेळाडू कोणाबरोबर खेळतो : अव्वल सेंटरच्या (मधल्या आक्रमकाच्या) बाजूला दोन वर्षे काढलेल्या विंगरचे आकडे त्या सेंटरशिवायच्या मिनिटांत वेगळे काढून पाहावेत. तिसरे, फटका कुठून मारला. निळ्या रेषेवरून, म्हणजे बरेच लांबून, मारलेला फटका आणि जाळ्यासमोरून मारलेला फटका कोर्सीत सारखेच. ही उणीव अपेक्षित गोलांचे (एक्सजी) मापन अंतर, कोन आणि फटक्याचा प्रकार धरून भरते. सार्वजनिक मापने बहुधा २००७-०८ पासूनच्या नोंदींवर उभी आहेत; त्याआधीच्या खेळाडूंची या आकड्यांत तुलना करता येत नाही. धडका (हिट) आणि पक गमावणे यांची नोंद स्थानिक रिंकचा नोंदणीकार करतो आणि त्याचा हात सैल की घट्ट, यावर आकडा बराच हलतो. ‘वर्षाला २०० धडका’ हा पुरावा देणाऱ्याने आधी त्या खेळाडूच्या बाहेरगावच्या सामन्यांचा आकडा पाहावा.

नशिबाचा भाग : खेळाडू बर्फावर असताना संघाच्या फटक्यांपैकी किती टक्के गोल झाले, अधिक गोलरक्षकाने किती टक्के अडवले, या बेरजेला पीडीओ म्हणतात. हे आद्याक्षरांचे लघुरूप नाही. ते एका टोपणनावावरून आले. पाच विरुद्ध पाच खेळात बेरीज १०० च्या आसपास स्थिरावते, साधारण ८ अधिक ९२. तीस सामन्यांनंतर १०४ वर असलेला खेळाडू खाली येण्याचीच शक्यता जास्त. व्यक्तीच्या नेमबाजीलाही हेच लागू. कारकिर्दीत ११ टक्के फटके गोलात जाणाऱ्याने १०० फटक्यांत २० गोल केले, तर त्यातले ११ त्याचे नेहमीचे. उरलेले ९ पुढल्या वर्षी मिळतील असे धरून पैसे मोजणे हीच डेडलाइनची सर्वांत महागडी चूक. फटक्यांची संख्या वाढली आहे का, हे आधी पाहावे. ती वाढली असेल तर सुधारणा खरी असण्याचा संभव अधिक.

पिकचे मोल : ड्राफ्ट सात फेऱ्यांचा, प्रत्येक फेरीत ३२ हक्क. पिकचे मूल्य पहिल्या काही स्थानांत झपाट्याने उतरते आणि दुसऱ्या फेरीपासून जवळपास सपाट होते, याबाबत फारसे दुमत नाही. मतभेद मोजण्याच्या पद्धतीवर आहे. सांख्यिकीतज्ज्ञ मायकेल शकर्स यांनी निवडलेल्या खेळाडूंच्या पुढील कारकिर्दीवरून मूल्य काढले. एरिक टल्स्की यांनी ड्राफ्टमधील प्रत्यक्ष अदलाबदलींवरून, म्हणजे संघ खरोखर काय मोजतात त्यावरून, काढले. ट्रेड काय किमतीला होईल याचा अंदाज हवा असेल तर दुसरी पद्धत उपयोगी. ट्रेड करावा की नाही हे ठरवायचे असेल तर पहिली. टल्स्की २०२४ मध्ये कॅरोलायनाचे महाव्यवस्थापक झाले. संरक्षित पिक वाचताना अट नीट पाहावी : ‘पहिल्या दहात आल्यास राखीव’ असा हक्क बहुधा पुढल्या वर्षावर ढकलला जातो.

उदाहरणे : वेन ग्रेट्स्की ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटनहून लॉस एंजेलिसला गेला तेव्हा बदल्यात दोन तरुण खेळाडू, पहिल्या फेरीचे तीन पिक आणि दीड कोटी डॉलर आले, आजच्या नियमांत यातली रक्कम बसत नाही. एरिक लिंड्रोसला १९९२ मध्ये क्वेबेकने फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क रेंजर्स या दोघांनाही दिल्याचा दावा झाला. लवादाने फिलाडेल्फियाच्या बाजूने निकाल दिला. क्वेबेकला मिळालेल्यांत पीटर फोर्सबर्ग होता. तो संघ कोलोरॅडोला हलल्यावर १९९६ मध्ये स्टॅनली कप (लीगचे विजेतेपद) जिंकला.

टेलर हॉलच्या बदल्यात अ‍ॅडम लार्सन (एडमंटन–न्यू जर्सी, २९ जून २०१६) हा व्यवहार आजही प्रमाण म्हणून काढला जातो. हॉलचा कॅप हिट ६० लाख, लार्सनचा सुमारे ४१.७ लाख, दोघांचेही करार लांब, त्यामुळे दोघांच्या दर्जातला फरक पगाराने समजावता येत नाही. एडमंटनला उजव्या हाताचा डिफेन्समन हवा होता आणि असे खेळाडू कायम दुर्मीळ असतात, हा त्याचा बचाव. २०१७-१८ मध्ये हॉलने ९३ गुण (गोल अधिक सहाय्य) करून हार्ट ट्रॉफी, म्हणजे सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार, मिळवली. लार्सन भरवशाचा खेळला, एडमंटन २०१७ मध्ये ११ वर्षांनी प्लेऑफमध्ये पोहोचले, तरी लार्सनला पर्याय दुसरीकडे कमी दामात मिळाला असता, हे मत अधिक पटते. गरजेची जागा भरणे आणि ती भरण्यासाठी किती द्यायचे, या दोन बाबी त्या व्यवहारात एक झाल्या.

गोलरक्षकांचे मूल्य सर्वांत कमी खात्रीने सांगता येते. वर्षागणिक त्यांचे आकडे इतके हलतात की एका हंगामावरून केलेला अंदाज टिकत नाही. २००६ मध्ये टोरांटोने अँड्र्यू रेक्रॉफ्टसाठी दिलेला टूका रास्क पुढे बॉस्टनचा आधारस्तंभ झाला. महिलांची पीडब्ल्यूएचएल जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांनिशी सुरू झाली. तिथेही ट्रेड होतात, परंतु हंगाम मोजके आणि सार्वजनिक करारमाहिती तुटपुंजी असल्याने वर दिलेल्या पद्धती तिथे अजून फारशा लावून पाहिल्या गेलेल्या नाहीत.