मापातले पाप आणि ईमानाचा प्रश्न

हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या, संग्रहांत धान्यबाजारातला एक प्रसंग येतो. मुहंमद पैगंबरांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून पैगंबर म्हणाले, की जो फसवतो तो आमच्यातला नाही. कुराणाच्या ८३व्या अध्यायाचे नावच ‘अल्-मुतफ्फिफीन’, म्हणजे काटा मारणारे, असे आहे आणि घेताना पुरेपूर माप घेऊन देताना कमी मोजणाऱ्यांचा धिक्कार करूनच तो सुरू होतो.

पण ‘आमच्यातला नाही’ म्हणजे नेमके काय? खोटे माप देणारा मुसलमान राहतो की नाही? हा वाद मूळचा बाजारातला नव्हे. ६५७ मधल्या सिफ्फीनच्या लढाईनंतर, आपापसांत रक्त सांडणाऱ्यांना काय म्हणावे, यावरून तो पेटला आणि पुढे प्रत्येक मोठ्या पापाला लागू झाला. खारिजी नावाच्या गटाने अशा पाप्याला धर्माबाहेर काढले, तर मुर्जिआ नावाच्या गटाने त्याचा निवाडा ईश्वरावर सोपवला. बसऱ्याच्या वासिल इब्न अता यांनी तो श्रद्धावानही नाही आणि काफिरही नाही, दोहोंच्या मधल्या स्थितीत आहे, असे मत मांडले; मुअतझिला पंथाचा उगम परंपरेने तिथेच सांगितला जातो.

कूफ्याचे अबू हनीफा (मृत्यू ७६७) स्वतः कापडाचे व्यापारी होते. कृती हा ईमानाचा, म्हणजे श्रद्धेचा, भाग नाही, असे ते मानत आणि त्यामुळे विरोधक त्यांना मुर्जिआंत जमा करत. असा माणूस व्यवहारात सैल असेल, असे कोणालाही वाटावे. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी हकिकत मात्र वेगळी आहे. एका कापडात खोट आहे, ती गिऱ्हाइकाला दाखव, असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला, माल विकला गेला आणि गिऱ्हाईक कोण होते तेही आठवेना, तेव्हा अबू हनीफांनी त्या मालाची सगळी रक्कम दान करून टाकली. विश्वास आणि आचरण यांत भेद करणे म्हणजे आचरणाला सूट देणे नव्हे, हे त्यांच्या विरोधकांनी नीट ध्यानात घेतले नाही, असे मला वाटते.

पुढचा वाद अधिक खोल होता: फसवणूक वाईट आहे हे आपल्याला कळते कशाने? खरे आणि खोटे बोलून सारखाच लाभ होणार असेल, तर शहाणा माणूस खरेच बोलेल, म्हणजे खोट्याचे वाईटपण बुद्धीलाच उमगते, असे मुअतझिला म्हणत. तरुणपणी त्यांच्यातच असलेल्या अश्अरी (मृत्यू सुमारे ९३६) यांनी ते नाकारले. ईश्वराने मना केले म्हणूनच ते वाईट, असे ते म्हणाले. समरकंदच्या मातुरीदी (मृत्यू ९४४) यांनी बुद्धीला बरेच श्रेय दिले आणि त्यांची विचारसरणी मुख्यतः हनफींमध्ये, म्हणजे अबू हनीफांचा कायदेपंथ मानणाऱ्यांमध्ये, रुजली.

कलामच्या, म्हणजे ईश्वरविषयक तत्त्वचर्चेच्या, ग्रंथांत रिझ्क (उपजीविका) आणि बाजारभाव यांवरही प्रकरणे असत. हरामाची कमाई ही ईश्वराने दिलेली रिझ्क म्हणता येत नाही, असा मुअतझिलांचा आग्रह होता, तर अश्अरींचे अनुयायी तिलाही रिझ्कच म्हणत. अश्अरी परंपरेतल्या गझालींनी (१०५८–११११) मालातले दोष न लपवण्याची सक्त ताकीद दिली आणि दुधात पाणी घालून विकणाऱ्याची गोष्ट सांगितली. त्याची गाय पुरात वाहून गेली, तेव्हा मुलगा म्हणाला, की आपण दुधात घातलेले सगळे पाणी एकवटून आले आणि गाय घेऊन गेले.

कायद्याच्या पातळीवर खोट निघालेला माल परत करण्याचा हक्क सर्वच प्रमुख सुन्नी कायदेपंथांनी मान्य केला. न पाहिलेल्या मालाबाबत मात्र मतभेद राहिला. हनफी असा सौदा मान्य करून माल पाहिल्यावर तो मोडण्याची मुभा देतात, तर शाफिई या दुसऱ्या कायदेपंथाच्या प्रचलित मतानुसार असा सौदा मुळातच होत नाही. अरबी समुद्रावरच्या व्यापाराशी जुने नाते असलेले कोकणी मुसलमान शाफिई आहेत आणि घाटावरचे बहुसंख्य सुन्नी हनफी.