जुना शिकारी सुरा घासू नका

माळ्यावरच्या ट्रंकेत एखादी जुनी वस्तू सापडली की आपण आधी ती घासायला घेतो. चिंच, राख, नाहीतर पॉलिश पेपर. भांड्यांना हे मानवतं. हाताने घडवलेला जुना शिकारी सुरा मात्र कृपा करून घासू नका. तो कुणी आणि केव्हा घडवला याचा बराचसा पुरावा त्याच्या वरच्या पापुद्र्यात असतो, आणि त्याची किंमतही तिथेच असते.

अमेरिकेत हा हजारो डॉलरचा प्रश्न आहे. मिशिगन राज्यात विल्यम स्केगल नावाचे कारागीर होते; १९६३ साली ते वारले. पातं ते स्वतः ठोकून घडवत, आणि मुठीसाठी चामड्याच्या चकत्या, पितळ आणि हरणाचं शिंग एकापुढे एक ओवत. १९३०च्या दशकात बो रँडल नावाच्या गृहस्थांना तिथल्या एका तळ्याकाठी एक माणूस सुऱ्याने होडीचा जुना रंग खरवडताना दिसला. एवढी झीज सोसूनही धार शाबूत होती. सुरा स्केगल यांचा होता. रँडल यांनी तो मिळवला आणि पुढे स्वतःच सुरे घडवू लागले. फ्लोरिडातल्या ऑरलँडोमध्ये त्यांचा कारखाना आजही चालतो. अशा कारागिरांचे सुरे संग्राहक शोधत फिरतात, म्हणून नकलाही निघतात.

नवखा माणूस आधी पात्यावरचा कारागिराचा ठसा बघतो. माझ्या मते ठसा शेवटी बघावा, कारण नक्कल करायला तोच सर्वांत सोपा. आधी पात्याचा रंग बघा. साध्या कार्बन पोलादावर वर्षानुवर्षं हात, रक्त, फळांचा रस लागून राखाडी-निळसर थर चढतो. हा लोहाचा घट्ट बसलेला ऑक्साइड. लाल गंज वेगळा: तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि आतलं पोलाद खात जातो. नकली जुनेपणा आणायला पातं व्हिनेगरमध्ये किंवा आम्लात बुडवतात. त्याने रंग येतो, पण बहुधा सगळीकडे सारखा. खऱ्या वापरातल्या सुऱ्याचा रंग जागोजागी बदलतो. धारेजवळ पाजवून पाजवून उजळ, मुठीच्या कडेला, जिथे फडकं पोचत नाही तिथे, काळपट.

मग भिंग घेऊन ठशाकडे या. कारागीर सहसा पोलादाला पाणी देण्याआधी ठसा मारतो, कारण कडक झालेलं पातं ठसा नीट घेत नाही. त्यामुळे जुन्या ठशाच्या कडा पात्याबरोबरच झिजलेल्या असतात आणि अक्षरांच्या तळाशीही तोच गडद थर बसलेला असतो. पातं झिजलेलं आणि अक्षरं मात्र करकरीत, तळाशी चमक, असं दिसलं की सावध व्हावं. पॉलिशचं चाक फिरवलं की हा सगळा पुरावा पाच मिनिटांत जातो.

मुठीचं हरणाचं शिंग हे खरं तर हाडच: कॅल्शियमचं खनिज आणि कोलॅजन. आपल्या सांबराच्या शिंगाला इंग्लंड-अमेरिकेतले सुरेवाले फार मानत, कारण त्यात भरीव भाग जास्त आणि मधला सच्छिद्र गाभा कमी. कापलेल्या टोकाशी भिंगातून बारीक छिद्रं दिसतात. वरचे उंचवटे हाताने घासून हस्तिदंती झालेले असतात आणि खाचा तपकिरी राहतात. प्लास्टिकमध्ये छिद्रं नाहीत, साच्याची रेघ मात्र सापडू शकते. शिंग हवेतल्या ओलाव्याने फुगतं, आटतं. म्हणून पन्नास-साठ वर्षांत पितळ आणि शिंग यांच्यामध्ये नख अडकेल इतकी फट बहुधा पडलेली असते. ती मुळीच नसेल तर मूठ नंतर बसवली असण्याची शंका मी घेईन. (भारतात शिंगाच्या मुठीचा सुरा विकायचा किंवा घ्यायचा विचार असेल, तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आधी वन विभागाला विचारावं.)

प्रयोगशाळा कामाला येते ती इथून पुढे. अतिनील प्रकाशात इपॉक्सी गोंद बहुतेकदा चमकतो, म्यानाच्या शिवणीतला आधुनिक दोराही चमकू शकतो. हे गोंद दुसऱ्या महायुद्धानंतर रुळले, म्हणून १९२०च्या म्हणवणाऱ्या मुठीत तो दिसला तर दुरुस्ती तरी झाली आहे, नाहीतर बनाव. क्ष-किरण यंत्र ओरखडाही न पाडता पात्यातलं क्रोमियम (गंजरोधक पोलादात मिसळतात तो धातू) मोजतं, कार्बन मात्र सहसा त्याला दिसत नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी गंजरोधक पोलाद १९१३ साली केलं. तेव्हा स्टेनलेस पात्याचा सुरा कुणी १८९०चा म्हणून दाखवत असेल तर बोलणं तिथेच थांबवावं.

किंमत ठरताना कारागिराच्या नावानंतर विचारतात ते पात्यात किती पोलाद उरलंय. फार पाजवलेलं पातं अरुंद होतं, टोक सरकतं, मूळ आकार हरवतो. मूळ म्यान सोबत असेल तर भाव चढतो, पण सुरा त्यात ठेवू नका. चामड्यात कमावतानाची आम्लं आणि ओल राहते. पातं गंजतं, पितळ हिरवं पडतं. कल्हई नसलेल्या पातेल्यात आमटी कळकते, तसंच काहीसं पितळ आणि चामड्यातली चरबी यांच्यात घडतं. म्यान वेगळं ठेवा. लाल गंज दिसला तर मऊ फडक्यावर पातळ खनिज तेल घेऊन हलक्या हाताने पुसा. खोबरेल नको, ते कालांतराने खवट होतं.