मुलं कोणाकडे पाहून वागतात?

२०१२-१३ या शालेय वर्षात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या ५६ शाळांमध्ये मुलांना एक साधा प्रश्न विचारला गेला. गेल्या काही आठवड्यांत शाळेतल्या कोणाकोणाबरोबर तुम्ही आपणहून वेळ घालवलात? तो शाळेत असो, शाळेबाहेर असो किंवा ऑनलाइन. दहापर्यंत नावं लिहा. या ‘मिडल स्कूल’ होत्या, म्हणजे आपल्याकडच्या साधारण पाचवी-सहावी ते आठवीच्या वयाची मुलं. सगळ्या शाळांत मिळून २४,१९१ विद्यार्थी होते. त्यांनी लिहिलेल्या नावांतून प्रत्येक शाळेतल्या नात्यांचा नकाशा तयार झाला: कोण कोणाबरोबर असतं आणि कोणाचं नाव वारंवार येतं.

हा खटाटोप एलिझाबेथ लेव्ही पॅलक, हॅना शेपर्ड आणि पीटर अ‍ॅरोनाउ या तीन संशोधकांचा. शाळेतली भांडणं, चिडवाचिडवी, अफवा, एखाद्याला वाळीत टाकणं हे सगळं कमी करायचं असेल तर सुरुवात कोणापासून करावी, हे त्यांना शोधायचं होतं. मोठ्यांपासून नव्हे, असा त्यांचा अंदाज होता. या अंदाजाला आधारही आहे, आणि माध्यमिक शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये छळविरोधी कार्यक्रमांच्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र तपासले. सातवीपर्यंतच्या मुलांवर हे कार्यक्रम काही प्रमाणात परिणाम करत होते. आठवीपासून पुढे हा परिणाम जवळजवळ नाहीसा होत होता. फिनलंडचा ‘किवा’ हा या क्षेत्रातला सर्वांत नावाजलेला कार्यक्रम. तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाली यांच्या पुढाकाराने तो आखला गेला, २००७ ते २००९ या काळात शेकडो शाळांत रीतसर तपासला गेला आणि मग देशभर राबवला गेला. त्यातही चौथीच्या वर्गात फरक ठळक दिसला आणि वरच्या वर्गांत तो फिका पडत गेला.

असं का व्हावं? आठवी-नववीची मुलं वाईट असतात म्हणून नाही. लहान मुलाला चांगलं-वाईट शिकवावं लागतं. चौदा वर्षांच्या मुलाला ते ठाऊक असतं. कुणाला चिडवू नये हे त्याला पाठ असतं, आणि तरीही तो चिडवतो, कारण या वयात वर्गातलं आपलं स्थान ही जिवाची गोष्ट झालेली असते. हॉल भरून मुलं बसवायची, पाहुण्यांनी तासभर ‘चांगले वागा’ म्हणून सांगायचं, यातून मुलांच्या कानावर एकच गोष्ट पडते: मोठ्यांना आपण अजून लहान वाटतो. ज्या वयात स्वतःचं स्वतः ठरवण्याची ओढ सर्वांत तीव्र असते, त्याच वयात आपण सर्वांत जास्त उपदेश करतो.

मेंदूच्या अंगानेही हे वय वेगळं आहे. शाबासकी, मजा, थरार यांना प्रतिसाद देणारी मेंदूतली यंत्रणा वयात येताना जोरात जागी होते. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा २००५ मधला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की दामटायचं, हे त्यांनी ठरवायचं होतं. एकटे असताना १३ ते १६ वयाची मुलं आणि प्रौढ माणसं यांच्यात फारसा फरक नव्हता. बरोबरीचे मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं बरीच जास्त जोखीम घेत. प्रौढांना मात्र शेजारी कोण आहे याने फरक पडत नव्हता.

आता हातात फोन असलेल्या नववीच्या मुलाचा विचार करा. रात्री अंथरुणात तो वरवर एकटा असतो, पण वर्गाच्या ग्रुपवर चाळीस-पन्नास जण असतात. म्हणजे प्रेक्षक कायम हजर. त्यात भर म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसत नाही. वर्गात एखाद्याला टोचून बोललं की त्याचे ओठ थरथरताना दिसतात, डोळे भरून येताना दिसतात, आणि बहुतेक मुलं तिथे थांबतात. पडद्यावर ही खूणच नसते. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये ऑनलाइन माणूस इतका मोकाट का सुटतो याची कारणं मांडली होती. त्यात ओळख लपणं, समोरासमोर नसणं आणि उत्तर लगेच न मिळणं ही प्रमुख होती. पण याच मोकळेपणामुळे एखादं अबोल मूल ऑनलाइन मनातलं बोलूही शकतं, हेही त्यांनी सांगितलं. म्हणून फोनला सरसकट शत्रू ठरवणं मला पटत नाही.

न्यू जर्सीकडे वळू. ५६ पैकी निम्म्या शाळांत प्रत्यक्ष कार्यक्रम झाला. कोणत्या, ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं गेलं. त्या प्रत्येक शाळेतून २० ते ३२ मुलांचा गट निवडला, तोही शिक्षकांच्या पसंतीने नव्हे. त्यामुळे गटात सगळ्या तऱ्हेची मुलं आली. त्यांच्यातली काही अशी होती की नात्यांच्या नकाशात त्यांच्याकडे अनेकांच्या नजरा वळलेल्या दिसत. संशोधकांनी त्यांना ‘सोशल रेफरंट’ म्हटलं. ही सगळीच मुलं शाळाभर गाजलेली असतात असं नाही. काही आपापल्या छोट्या कंपूंत वजन राखून असतात. आणि महत्त्वाचं म्हणजे मॉनिटर नेमायला सांगितलं तर शिक्षक ज्यांचा विचारही करणार नाहीत अशी मुलंही त्यांत होती. काही तर भांडणांच्या अगदी मध्यभागी असणारी. मला या सगळ्या अभ्यासात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. आपल्याकडे परिपाठाला पुढे उभं राहणारं, वक्तृत्वात बक्षीस मिळवणारं मूल अशा कामासाठी हमखास निवडलं जातं. ते मूल गुणी असतं, यात शंका नाही. पण शेवटच्या बाकावरची मुलं त्याच्याकडे पाहून वागतात का, हा प्रश्न आपण विचारत नाही.

गटातल्या मुलांना काय करायचं ते आयतं सांगितलं नाही. आपल्या शाळेत नेमका कसला त्रास होतो हे त्यांनीच ठरवलं आणि त्याबद्दल स्वतःच्या शब्दांत पोस्टर आणि हॅशटॅग केले. त्यावर त्यांची स्वतःची नावं-चेहरे होते, म्हणजे भूमिका उघड होती. त्यांच्याकडे नारिंगी मनगटपट्ट्या दिल्या होत्या. कुणी भांडण सोडवताना, कुणाला सांभाळून घेताना दिसलं की या मुलांनी त्याला एक पट्टी द्यायची. वर्षअखेर हिशेब झाला तेव्हा कार्यक्रम झालेल्या शाळांत भांडणतंट्यांबद्दल झालेल्या शिस्तभंगाच्या नोंदी इतर शाळांच्या तुलनेत २५ टक्क्यांनी कमी होत्या. गटात ‘नजरेतली’ मुलं जितकी जास्त, तितका परिणाम मोठा.

ही मुलं इतरांना समजावत फिरली म्हणून हे घडलं नाही. बदलला तो अंदाज: ‘आपल्या शाळेत काय चालतं’ याचा प्रत्येकाच्या मनातला अंदाज. आणि हा अंदाज बहुतेक वेळा चुकलेला असतो. न्यू जर्सीतल्याच पाच शाळांत वेस्ली पर्किन्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एका अभ्यासात (२०११) हे स्पष्ट दिसलं. चिडवणं, त्रास देणं याला इतर मुलांचा पाठिंबा आहे असं मुलांना वाटत होतं, त्यापेक्षा तो प्रत्यक्षात बराच कमी होता. बहुतेक जण मनातून नापसंत करत होते आणि आपण एकटेच असे आहोत समजून गप्प होते. संशोधकांनी त्याच शाळेच्या पाहणीतले खरे आकडे मोठ्या पोस्टरांवर छापून भिंतींवर लावले. त्यानंतर मुलांचा अंदाज सुधारला आणि त्रासाचं प्रमाणही उतरलं. निनावी प्रश्नपत्रिका, बेरीज, आणि एक छापील कागद. कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेला हे परवडेल. अट एकच, आकडे खरे हवेत. मुलं खोटं लगेच ओळखतात.

गप्प बसणाऱ्यांबद्दल आणखी एक अभ्यास आहे, टोरांटोचा, प्राथमिक शाळांच्या मैदानांवर कॅमेरे आणि माइक लावून केलेला. त्रास देण्याच्या ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के वेळा, प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! एखादं ‘ए, सोड ना त्याला’ एवढंही पुरतं.

ग्रुपवर मात्र हे अवघड होतं. मैदानात उभ्या मुलाच्या कपाळावरची आठी तरी दिसते. ग्रुपवर न बोलणाऱ्याची नापसंती कुणालाच दिसत नाही; दिसतात फक्त दोन निळ्या खुणा, म्हणजे वाचलंय. ज्याची टर उडवली जाते, त्याला वाटतं की सगळ्यांनी वाचलं आणि सगळ्यांना ते मान्य आहे. म्हणून मुलांना सांगताना ‘ग्रुपवर उत्तर द्या’ एवढंच सांगू नये. सर्वांसमोर भिडण्याचं धाडस प्रत्येकाला झेपत नाही आणि कधी कधी त्याने आग भडकते. ज्याला त्रास झाला त्याला वेगळा मेसेज करणं, ‘मला ते आवडलं नाही, तू ठीक आहेस ना?’ एवढं विचारणं हेसुद्धा मध्ये पडणंच आहे. फोटो पुढे न पाठवणं आहे. स्क्रीनशॉट काढून विश्वासाच्या शिक्षकाला दाखवणं आहे. (आक्षेपार्ह फोटोचा मात्र स्क्रीनशॉट काढू नये. अल्पवयीन व्यक्तीचं अश्लील चित्र जवळ ठेवणं हाच गुन्हा ठरू शकतो. पाठवणाऱ्याचं खातं, वेळ आणि दुवा टिपून ठेवावा.)

ऑनलाइन सुरक्षेचा भाग इथूनच सुरू होतो. या वयात पासवर्ड सांगणं ही मैत्रीची खूण मानली जाते. मैत्री तुटते, पासवर्ड तोच राहतो, आणि मग दुसऱ्याच्या खात्यावरून भलतंच काही पोस्ट होतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक खातरजमा मागणारी सोय, लावून घेणं हे पाच मिनिटांचं काम संगणकाच्या तासाला सहज होतं. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे फोटोवरून धमकावणं. अनोळखी खात्यावरून ओळख वाढते, खासगी फोटो मागितला जातो, आणि तो मिळताच ‘पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो’ सुरू होतं. आता तर साध्या चेहऱ्याच्या फोटोवरूनही बनावट नग्न चित्र तयार करता येतं. त्यामुळे ‘तू फोटो पाठवलासच कशाला’ हा मोठ्यांचा पहिला प्रश्न अनेकदा चुकीचाही ठरतो आणि क्रूरही.

अशा वेळी काय होऊ शकतं, हे मुलांना आधीच माहीत हवं. पैसे दिल्याने मागणी थांबत नाही, वाढते. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, बालकांसाठी १०९८. अठरा वर्षांखालच्यांच्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सेवा अमेरिकेतली बालसंरक्षण संस्था चालवते, आणि ती भारतातूनही वापरता येते. तिची युक्ती सुंदर आहे: फोटो कुणालाच पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोवरून आकडे-अक्षरांची एक ओळ तयार होते, जणू बोटाचा ठसा. फक्त तो ठसा सेवेकडे जातो. सहभागी कंपन्या आपल्या मंचावरची चित्रं त्याच्याशी ताडून पाहतात आणि जुळलं तर काढून टाकतात. ठशावरून फोटो परत बनवता येत नाही. मर्यादाही आहेत: फोटो कापला किंवा बदलला तर ठसा बदलतो, आणि एकमेकांना पाठवलेल्या कुलूपबंद मेसेजांत ही तपासणी पोचत नाही.

पण या सगळ्या सोयी मुलाने कुणाला तरी सांगितल्यावरच कामाला येतात. आणि मुलं सांगत नाहीत. लाज वाटते हे एक कारण. घरी कळलं तर फोन जाईल ही भीती दुसरं, आणि तेही तितकंच मोठं. मुलीच्या बाबतीत तर फोनबरोबर शाळाही बंद होईल, ही भीती आपल्याकडे खरी आहे. शाळेने पालकसभेत याबद्दल आधीच बोलून ठेवावं: मूल तुमच्याकडे आलं, तर पहिल्या दिवशी फोन काढून घेणार नाही, एवढं तरी त्याला आजच सांगा. शिक्षकांनाही एक गोष्ट पक्की ठाऊक हवी. लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. ‘शाळेचं नाव खराब होईल’ म्हणून आपसात मिटवणं हा पर्याय कायद्याने ठेवलेलाच नाही. मुलाला खोटं वचन देऊ नये. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं न म्हणता ‘कोणाला सांगायचं ते तुला आधी सांगेन, आणि तुझ्याबरोबर असेन’ असं म्हणता येतं.

एक गोष्ट मात्र अस्वस्थ करते. त्रासाचं प्रमाण घटलेल्या वर्गांत, ज्यांचा छळ तरीही सुरू राहतो, त्या मोजक्या मुलांची मनःस्थिती इतर वर्गांतल्या पीडित मुलांपेक्षा अधिक ढासळलेली आढळते. साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून हे पुढे आलं. कारण कळण्यासारखं आहे. सगळ्यांनाच त्रास होत असतो तेव्हा मूल म्हणतं, शाळाच अशी आहे. एकट्यालाच होतो तेव्हा म्हणतं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. म्हणून सरासरी सुधारली की काम संपलं असं समजू नये. किवा कार्यक्रमात यासाठी वेगळी पायरी आहे. त्रास देणाऱ्याशी शाळेतले ठरलेले शिक्षक बोलतात. त्याशिवाय वर्गशिक्षक दोन ते चार मुलांना गुपचूप बोलावतात. मुलं निवडताना दोनच गोष्टी पाहायच्या: ती मनाने चांगली असावीत, आणि वर्गात त्यांचं वजन असावं. त्यांना भाषण दिलं जात नाही. त्या एका मुलाला बरं वाटावं म्हणून तुम्हाला काय करता येईल, असं विचारलं जातं, आणि काय करायचं ते मुलंच ठरवतात. मधल्या सुट्टीत त्याला आपल्यात बोलवायचं, गटकामात आपल्या गटात घ्यायचं, संध्याकाळी एखादा मेसेज करायचा. काही दिवसांनी शिक्षक पुन्हा विचारतात, केलंत का, आणि कसं झालं.