रेल्वे सुरक्षेचे शासकीय नियमन

रेल्वेची बांधणी, चालवणूक व देखभाल यांवर प्रवासी, कर्मचारी आणि मार्गालगतची वस्ती यांच्या सुरक्षेसाठी सरकारने कायद्याने ठेवलेले नियंत्रण. नव्या मार्गांना व गाड्यांना परवानगी, तांत्रिक मानके, कर्मचाऱ्यांची पात्रता व कामाचे तास, धोकादायक मालाची वाहतूक, तपासणी, दंड आणि अपघातांची चौकशी एवढा पसारा त्यात येतो. गाडीला रूळ सोडून बाजूला होता येत नाही आणि वेगात असताना थांबायला तिला शेकडो मीटर लागतात. अडथळा चालकाला दिसतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्यामुळे रेल्वेची सुरक्षितता आधीच ठरवून दिलेल्या नियमांवर आणि यंत्रणेवर उभी असते. हे नियम कोणी करायचे आणि ते पाळले जातात की नाही हे कोणी पाहायचे, यावरच मुख्य वाद होत आले आहेत.

सुरुवात ब्रिटनमध्ये झाली. १८४० च्या कायद्याने व्यापार मंडळ या सरकारी खात्याला रेल्वे निरीक्षक नेमण्याचा अधिकार मिळाला. हे निरीक्षक लष्कराच्या अभियंता दलातून येत. १८४२ मध्ये सदोष मार्ग खुला करणे लांबणीवर टाकण्याचा अधिकारही मंडळाला मिळाला. मात्र मार्ग एकदा सुरू झाला की निरीक्षकाच्या हाती शिफारशीपलीकडे फारसे काही उरत नसे. दोन गाड्यांमध्ये ठरावीक वेळेऐवजी ठरावीक अंतर राखा, डबे सुटले तर आपोआप लागणारे ब्रेक बसवा, असे निरीक्षक वर्षानुवर्षे अहवालांत लिहीत राहिले. कंपन्यांनी खर्चाचे कारण पुढे केले. शिवाय यंत्रे आली की माणसे गाफील होतील, असाही युक्तिवाद झाला. नव्या सुरक्षा साधनाला विरोध करताना तो पुढेही अनेकदा ऐकू आला.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे हा वाद मिटला. मुलांनी खच्चून भरलेली सहलीची गाडी चढावर अडकली. पुढचे डबे आधी वर न्यावेत म्हणून ती मधून सोडवण्यात आली. गाडीचे निर्वात ब्रेक इंजिनाशी जोडलेले असेपर्यंतच चालणारे होते, त्यामुळे जोडणी सुटताच मागचे डबे केवळ गार्डच्या हातब्रेकवर आणि चाकांमागे ठेवलेल्या दगडांवर उभे राहिले. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला. तेवढ्या धक्क्याने दगड चिरडले आणि मागचे डबे उतारावरून घरंगळू लागले. मागून दुसरी गाडी येत होती, कारण दोन गाड्यांमध्ये केवळ काही मिनिटे सोडण्याची पद्धत होती. डबे तिच्यावर आदळून सुमारे ८० जण मेले. त्याच वर्षी संसदेने प्रवासी मार्गांवर तीन गोष्टी सक्तीच्या करण्याचा कायदा केला : सिग्नल व सांधे (गाडीचा रूळ बदलणारी यंत्रे) यांचे इंटरलॉकिंग, म्हणजे सांधे योग्य जागी असल्याशिवाय सिग्नल मिळू न देणारी जोडणी, एका खंडात एकच गाडी ठेवणारी ब्लॉक पद्धत आणि सलग स्वयंचलित ब्रेक. अडवणूक दशकांची होती, कायदा मात्र काही आठवड्यांत झाला.

अमेरिकेत १८९३ च्या कायद्याने हवेचे ब्रेक व स्वयंचलित जोडण्या बंधनकारक झाल्या. तोवर डबे जोडताना मधे उभ्या राहणाऱ्या कामगारांची बोटे तुटणे ही नित्याची बाब होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नियमनाचा रोख बदलला. रुळांची झीज किती चालेल, ब्रेक कधी तपासायचे हे सरकारने बारकाईने लिहून देणे ही जुनी रीत. नव्या रीतीत कंपनीने आपले धोके स्वतः ओळखून सुरक्षा व्यवस्थापन पद्धती आखायची आणि नियामकाने ती मंजूर करून तिची तपासणी करायची. युरोपीय संघाने २००४ च्या निर्देशाने हीच चौकट स्वीकारली. तंत्रज्ञान झपाट्याने बदलते तेव्हा ही रीत लवचीक ठरते, हे खरे. पण तपासणी कागदांपुरती राहिली तर ती फसते.

कॅनडातील लॅक-मेगँटिकमध्ये ६ जुलै २०१३ रोजी तसेच घडले. कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी रात्री उतारावर उभी करून एकटा चालक विश्रांतीला गेला. नंतर इंजिनाला आग लागली. ती विझवताना इंजिन बंद केले गेले, त्यामुळे ब्रेकमधली हवा हळूहळू निघून गेली आणि लावलेले थोडे हातब्रेक गाडीला पेलू शकले नाहीत. गाडी गावात घुसली आणि ४७ माणसे मेली. चौकशी मंडळाने कंपनीबरोबर नियामकाच्याही उणिवा दाखवल्या : या कंपनीतले दोष पुन्हा पुन्हा आढळूनही ते दुरुस्त झाले की नाही, याचा पाठपुरावा झाला नव्हता.

रेल्वे चालवणाऱ्यानेच स्वतःवर देखरेख ठेवू नये, हे तत्त्व बहुतेक देशांना मान्य आहे, पण अंमल कमीअधिक आहे. भारतात निरीक्षक १९४१ मध्ये रेल्वे बोर्डापासून वेगळे करण्यात आले. आजचा रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, तो याच विचाराने. नवा प्रवासी मार्ग खुला होण्याआधी आयुक्त पाहणी करतात. गंभीर अपघातांची वैधानिक चौकशीही त्यांच्याकडे असते. तथापि हे आयुक्त रेल्वेच्याच सेवांमधून येतात आणि बहुसंख्य लहान अपघातांची चौकशी रेल्वेच्या विभागीय समित्या करतात. वेगळेपण कागदावर मोठे दिसते, व्यवहारात तेवढे नाही.

अपघाताची चौकशी नियामकापासूनही वेगळी हवी, कारण चूक नियामकाचीही असू शकते. ब्रिटनमध्ये लंडनमधील लॅडब्रोक ग्रोव्हच्या १९९९ मधील अपघातानंतर स्वतंत्र चौकशी शाखा स्थापन होऊन २००५ मध्ये कामाला लागली. अशा संस्था दोषी कोण हे ठरवत नाहीत, कारणे शोधतात. लंडनमधील क्लॅपहॅम येथे १९८८ मध्ये ३५ जण दगावले, तेव्हा कारण एक जुनी तार निघाली. नवी जोडणी करताना ती पूर्ण काढली गेली नव्हती. तिचा मोकळा टोकाचा भाग पुन्हा चिकटला आणि सिग्नल लाल व्हायचा थांबला. चौकशी तंत्रज्ञापाशी संपली असती, तर त्याने १३ आठवड्यांत एकच दिवस सुटी घेतली होती आणि त्याचे काम दुसऱ्या कोणी तपासले नव्हते, हे बाहेर आले नसते. सिग्नल कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांवर त्यानंतर मर्यादा आल्या.

सध्याचा आग्रह चालक चुकला तरी गाडी स्वतः थांबवणाऱ्या यंत्रणेचा आहे. अमेरिकेत सप्टेंबर २००८ मध्ये चॅट्सवर्थ येथे मोबाइलवर संदेश पाठवणाऱ्या चालकाने लाल सिग्नल ओलांडला आणि २५ जण मेले. त्याच वर्षी संसदेने अशी यंत्रणा २०१५ अखेर बसवण्याची सक्ती केली. कंपन्यांनी मुदत वाढवून घेतली आणि काम डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण झाले.